शेजारच्या हॅलोजनचा आणि कायपर पट्ट्याचा संबंध

आमच्या भागात रात्री तीन वाजता रानात बॅटरी हलताना दिसली तर लोक दोनच गोष्टी धरून चालतात. एक तर मोटारीची लाईट या आठवड्यात रात्रीची आहे, नाहीतर कुणाची तरी द्राक्षं चोरीला चाललीत. जानेवारीतल्या त्या रात्री शेजारच्या तात्यांनी दुसरी गोष्ट धरली आणि काठी घेऊन बांधावर आले. मी घोंगडं पांघरून, लॅपटॉपच्या पडद्यावर लाल जिलेटीन चिकटवून दुर्बिणीशेजारी बसलेलो. "अण्णा, तुम्ही हाय व्हय," म्हणाले. मग जरा थांबून, "चांदण्या बघताय?"

"एकच बघतोय. ती विझायची वाट बघतोय."

तात्या काही बोलले नाहीत, पण गेलेही नाहीत. बांधावर टेकले आणि तंबाखू काढली.

मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजातून फिजिक्स घेऊन बी. एस्सी. झालो, त्यानंतर फिजिक्सचा आणि माझा संबंध ब्लोअरच्या नोझलपुरता राहिला. पुढे एका वर्षी बेदाण्याला बरा दर मिळाला, तेव्हा आठ इंची आरशाची दुर्बीण आणि मोटारीवर फिरणारं तिचं बैठक-यंत्र घेतलं. घरी अजून त्या वर्षाला 'दुर्बिणीचं साल' म्हणतात, आणि ते कौतुकाने नव्हे. पहिली दोन वर्षं शनीची कडी, गुरूचे चंद्र, मृगातला तेजोमेघ, सगळं बघून झालं. पाहुण्यांना दाखवूनही झालं. मग पुण्यात नोकरीला असलेल्या पुतण्याने मला पिधानांच्या नादाला लावलं, आणि तेव्हापासून मी असल्या गोष्टींच्या मागे आहे ज्या माझ्या दुर्बिणीतून कधीच दिसणार नाहीत.

चंद्र रोहिणीला झाकतो ते पिधान आपल्याला माहीत असतं. लांबच्या वस्तूचं पिधान तसंच, फक्त झाकणारा दिसत नाही. नेपच्यूनच्या पलीकडे, कायपर पट्ट्यात, चार-पाचशे किलोमीटरचा बर्फाळ गोळा असतो. त्याची प्रत (तेजाचा आकडा; जितका मोठा तितकी वस्तू मंद) २० किंवा २१. माझी दुर्बीण तिथपर्यंत जात नाही. पण तो गोळा सरकत सरकत एखाद्या तेराव्या प्रतीच्या ताऱ्यासमोर आला, की तारा फट्‌दिशी नाहीसा होतो आणि काही सेकंदांनी तसाच परत येतो. ताऱ्याचे किरण इतक्या लांबून येतात की ते समांतरच धरायचे. म्हणजे गोळा जेवढा, तेवढीच त्याची पृथ्वीवर पडणारी सावली. ४५० किलोमीटरचा गोळा असेल तर ४५० किलोमीटर रुंदीचा पट्टा पृथ्वीवरून सेकंदाला वीस-पंचवीस किलोमीटर वेगाने पळत जातो. ही पळापळ बहुतेक आपलीच असते. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर जाते, तो गोळा बिचारा जेमतेम चार-पाच. तासगावावरून गेलेली सावली आठ सेकंदांत पुण्यात पोचते. आमच्या एसटीला सहा तास लागतात.

तारा किती सेकंद गेला ते मोजायचं, वेगाने गुणायचं. त्या गोळ्याची तुमच्या गावातून काढलेली जीवा मिळाली. नववीच्या भूमितीतली जीवा, तीच. दुसरा कुणी शंभर किलोमीटरवर बसला असेल तर त्याची दुसरी जीवा. तीन-चार जीवा जमल्या की कागदावर गोळ्याचा आकार उमटतो. सहाशे कोटी किलोमीटरवरच्या वस्तूची रुंदी काही किलोमीटरच्या फरकाने सांगता येते, आणि त्यासाठी मोठी वेधशाळा असावी लागत नाही. योग्य ठिकाणी योग्य क्षणी जागा असलेला माणूस लागतो.

ते योग्य ठिकाण कसं कळतं, यातच खरी मेख आहे.

ताऱ्याची जागा आणि गोळ्याची जागा, दोन्ही मिलि-आर्कसेकंदात माहीत असाव्या लागतात. मिलि-आर्कसेकंद म्हणजे चार-साडेचार हजार किलोमीटरवर उभं धरलेलं एक रुपयाचं नाणं जेवढं दिसेल, तेवढा कोन. पृथ्वी-सूर्य अंतराच्या चाळीसपट लांब असलेल्या गोळ्यासाठी एवढ्या चुकीने सावली २९ किलोमीटर इकडची तिकडे होते. तासगाव ते सांगलीपेक्षा जास्त. पूर्वीच्या तारका-सूच्यांतल्या चुका याच्या कितीतरी पट असायच्या. भाकीत महाराष्ट्राचं असायचं आणि सावली श्रीलंकेवरून जायची. २०१३च्या डिसेंबरात 'गाया' हा युरोपचा उपग्रह गेला. त्याने शंभर कोटींहून जास्त ताऱ्यांच्या जागा मोजल्या, तारे सरकतात किती तेही मोजलं, आणि २०१८च्या एप्रिलात दुसरी मोठी यादी खुली केली. ताऱ्यांचा प्रश्न तिथे बराचसा मिटला. उरला गोळ्यांचा. प्लूटोचंच घ्या: १९३०मध्ये सापडला, एक फेरी २४८ वर्षांची. म्हणजे सापडल्यापासून अजून निम्मी फेरीसुद्धा झालेली नाही. अशा गड्याची कक्षा थोड्याशा कमानीवरून ताणून काढायची. म्हणून पहिलं पिधान पकडायला सगळ्यात अवघड. एकदा पकडलं की त्या क्षणी गोळा नेमका कुठे होता ते ताऱ्याच्या जागेवरून कळतं, आणि पुढचं भाकीत एकदम आवळून येतं.

भाकितं पाहायला पुतण्याने लॅपटॉपवर 'ऑकल्टवॉचर' हे सॉफ्टवेअर बसवून दिलंय. त्यात तुमचं गाव सावलीच्या मधल्या रेषेपासून किती किलोमीटरवर, भाकिताची चूक किती धरायची, तारा आकाशात किती उंच, चंद्र किती लांब, सगळं येतं. वेळ मात्र जागतिक वेळेत येते, आणि माझी पहिली फजिती तिनेच केली. १४ तारखेला २० वाजून ४० मिनिटं, असं लिहिलं होतं. मी साडेपाच तास मिळवले, रात्रीचे दोन दहा. बरोबर. पण तारीख बदलायची विसरलो नाही, ती दोनदा बदलली. १५ तारखेची पहाट हवी होती, मी १६च्या पहाटे सगळं मांडून बसलो आणि दोन तास एका ताऱ्याचं उत्तम चित्रण केलं. अजून ठेवलंय ते.

तर जानेवारीतली रात्र. गोळ्याचं नाव इथे देत नाही, कारण सगळ्यांची मोजमापं एकत्र करून लिहिणारी मंडळी परदेशात आहेत आणि त्यांचं अजून छापून आलेलं नाही. भाकीत असं होतं: पहाटे तीन बारा, तारा सिंह राशीत, सावलीचा वेग सेकंदाला २३ किलोमीटर, मधल्या रेषेवर साडेएकोणीस सेकंद अंधार. आमचं रान पट्ट्याच्या कडेच्या जरा आत. चूक तेवढीच मोठी, तेव्हा सावली अंगावरून जाईल किंवा जाणारही नाही.

अशा रात्रीची तयारी बागेच्या तयारीसारखीच असते. पानं किती वेळ ओली राहिली ते मोजणारं यंत्र आमच्या बागेत भुरी आणि डाऊनी या रोगांसाठी बसवलंय; मी ते दवासाठी वापरतो. पानावर दव आलं की अर्ध्या तासात आरशावरही येतं. त्या रात्री हवा कोरडी होती. खरी अडचण तात्यांची होती. रानडुकरं मक्यात शिरतात म्हणून त्यांनी मोटारीच्या खोलीवर हॅलोजन लावलाय, तो थेट माझ्या दुर्बिणीच्या तोंडात. आता ते शेजारीच बसले होते, तेव्हा मी हळूच विषय काढला.

आणि त्यांना अरोकॉथची गोष्ट सांगितली. 'न्यू होरायझन्स' हे यान प्लूटो ओलांडून पुढच्या एका गोळ्याकडे निघालं होतं. गोळा इतका लहान की हबल दुर्बिणीतूनही तो एक ठिपका. यान पोचायच्या आत त्याचा आकार कळायला हवा होता. ३ जून २०१७ला आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत दुर्बिणी लावून बसलेल्यांपैकी कुणालाच काही मिळालं नाही. १७ जुलैला पुन्हा संधी होती, अर्जेंटिनातल्या पॅटागोनियात, कोमोदोरो रिवादाविया गावाजवळ. तिकडे तो कडक हिवाळा आणि वारा असा की दुर्बीण थरथरते. गावकऱ्यांनी वारा अडवायला ट्रक आडवे लावले, रस्त्यावरचे दिवे बंद केले, हमरस्त्याची वाहतूक थांबवली. २४ दुर्बिणी ओळीने मांडल्या होत्या, त्यांतल्या पाचांना तारा गेलेला दिसला, तोही सेकंदभराच्या आत. त्या पाच छोट्या जीवांवरून लोक म्हणाले, हा एक गोळा नाही, दोन चिकटलेले दिसतात. १ जानेवारी २०१९ला यान शेजारून गेलं, फोटो आला: दोन चिकटलेले.

"आख्ख्या गावाचं दिवं बंद केलं?" तात्यांनी विचारलं.

"हमरस्तासुद्धा."

तात्या उठले आणि हॅलोजन बंद करून आले. त्या रात्री डुकरांनी मका खाल्ला की नाही ते मी अजून विचारलेलं नाही.

तीन वाजून बारा मिनिटांना मी पडद्याकडे बघत होतो. तारा होता. होता. आणि नव्हता. धूसर होत गेला नाही, कुणी बटण दाबल्यासारखा गेला. या गोळ्यावर हवा नाही, म्हणून कडेला मऊपणा नाही. मनात एक-दोन मोजायला लागलो पण ओरडतच मोजलं असणार, कारण तात्याही माझ्याबरोबर मोजायला लागले. चौदावर गेलो आणि तारा परत आला. नंतर चित्रणावरून नीट मोजलं, १४.६ सेकंद. गुणिले २३, ३३६ किलोमीटर. आम्ही दोघं बांधावर उभे राहून त्या ३३६ किलोमीटरचा विचार करत राहिलो. तात्या म्हणाले, "म्हंजी हितनं पुण्याच्या फुडं नाशकापत्तूर." अंतर पुढे नकाशावर काढून पाहिलं, त्यांचा अंदाज वाईट नव्हता.

यानंतरच्या दोन गोष्टी सांगतो, कारण त्या माझ्या बाजूने फारशा चांगल्या नाहीत.

पहिली घड्याळाची. लॅपटॉप मोबाईलच्या नेटवरून आपली वेळ जुळवत असतो. त्या रात्री अकराला नेट गेलं ते सकाळीच आलं, आणि ते गेलंय हे मी बघितलं नाही. सकाळी वेळ जुळली तेव्हा लॅपटॉप १.१ सेकंद पुढे गेलेला निघाला. तीन बाराला तो किती पुढे होता? देवाला ठाऊक. हिशेब करून काढता येतो, पण तो हिशेबच. एका सेकंदाला कोण विचारतंय, असं घरी म्हणाले. सावली सेकंदाला २३ किलोमीटर जाते तिथे एवढ्या घोळाने माझी जीवा पंचवीसेक किलोमीटर मागे किंवा पुढे सरकते. लांबी खरी, जागा संशयाची. तिकडच्या समन्वयक बाईंनी अगदी सौजन्याने लिहिलं की कालावधी वापरू, पण वेळेला वजन कमी देऊ. मी लागलीच जीपीएसची वेळ प्रत्येक फ्रेमवर उमटवणाऱ्या कॅमेऱ्याची किंमत पाहिली. मग मान्सून कसा जातो ते बघू, असं ठरवलं.

दुसरी गोष्ट जास्त लाजेची. पिधानाच्या चाळीस सेकंद आधी ताऱ्याच्या तेजाच्या आलेखात एक खड्डा होता. एकच फ्रेम, पण ठळक. चाळीस गुणिले २३, गोळ्यापासून नऊशे वीस किलोमीटर. मी रात्रभर झोपलो नाही. कारण हे असंच होतं, मला माहीत होतं. २०१३च्या जूनमध्ये कॅरिक्लो या अडीचशे किलोमीटरच्या गोळ्याचं पिधान दक्षिण अमेरिकेतून पाहिलं, तेव्हा मुख्य अंधाराच्या अलीकडे-पलीकडे छोटे खड्डे सापडले आणि त्याला दोन कडी निघाली. मग २०१७मध्ये हाउमियाला, आणि पुढे क्वावारला, दोन्ही कायपर पट्ट्यातलेच गोळे. क्वावारचं कडं तर इतकं लांब की तिथे त्या खड्या-गोट्यांचा एकत्र येऊन चंद्र व्हायला हवा होता. तासगावला एक का नसावं? सकाळी चहाच्या टपरीवर मी 'कडं' हा शब्द उच्चारला. तो अजून मागे घेता आलेला नाही.

दुपारी पुतण्याचा फोन आला. "अण्णा, शेजारचा तारा बघितला का?"

चित्रणात नेहमी दुसरा एक तारा ठेवायचा असतो, ज्याच्यावरून काही जाणार नाही असा. तोही त्याच फ्रेममध्ये तेवढाच खाली गेला होता. म्हणजे ढग, वारा, किंवा दुर्बिणीला धक्का. वेळ ताडून पाहिली. मी पाय आखडले म्हणून खुर्चीवरून उठलो ते साधारण तेव्हाच. सौरमालेतलं सगळ्यात नवं कडं म्हणजे माझा गुडघा.

अहवालात मी खड्डा तरी लिहिला. फ्रेमचा क्रमांक, खोली, तुलनेचा तारा, सगळं. पुतण्या म्हणाला कशाला, तो काही खरा नाही. मी त्याला कावलूरचं सांगितलं.

१० मार्च १९७७, जागतिक वेळेने. आपल्याकडे ११ची पहाट, तारखेचा तोच सापळा. युरेनस तूळ राशीतल्या एका ताऱ्यासमोरून जाणार होता. ग्रिनिचच्या गॉर्डन टेलर यांनी चार वर्षं आधी ते हेरून ठेवलेलं. ग्रहाची सावली दक्षिणेकडून जाणार, म्हणून जेम्स एलियट आणि त्यांचे सहकारी अमेरिकेच्या उडत्या वेधशाळेत बसून हिंदी महासागरावर गेले. तमिळनाडूतल्या जवादी डोंगरात कावलूरला जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी एक मीटरच्या दुर्बिणीवर बसले होते. ग्रह तारा झाकणार नाही अशा जागी होते ते. तरीही ताऱ्याकडे बघत राहिले. आणि ग्रहापासून चांगलाच लांब असताना तारा काही सेकंद मंदावला.

त्यांनी 'नेचर'मध्ये जो लेख दिला त्याचं शीर्षक होतं, युरेनसचा नवा उपग्रह. चंद्र आडवा आला असं त्यांना वाटलं, आणि वाटायला काहीच हरकत नव्हती. एक खड्डा, एका बाजूला. चंद्र म्हणणार नाहीतर काय. तिकडे विमानात एलियटना ग्रहाच्या आधी पाच आणि नंतर पाच खड्डे मिळाले होते. दोन्ही बाजूंची अंतरं जुळवली तेव्हा उलगडलं, ही कडी आहेत. शनीनंतर कडी असलेला दुसरा ग्रह. कावलूरचा खड्डा त्यांतल्या सगळ्यात बाहेरच्या, सगळ्यात दाट कड्याचा. नैनितालच्या वेधशाळेतही ते टिपलं गेलं होतं. त्याच वर्षी भट्टाचार्य आणि वेणू बाप्पू यांनी आपल्याच नोंदींवरून पुन्हा लिहिलं, या वेळी चंद्राचं नव्हे, कड्यांचं. नऊ वर्षांनी, १९८६च्या जानेवारीत, व्हॉयेजर-२ने फोटो काढले.

मला या गोष्टीतला उपग्रह फार आवडतो. तो कधीच नव्हता, पण त्याच्या वेळा अचूक लिहिलेल्या होत्या. पुतण्या म्हणाला, "पण तुमच्या वेळा कुठे अचूक आहेत?" फोन ठेवला मी.

एक गोष्ट मात्र मला बागायतदार म्हणूनच कळते असं वाटतं, ती प्लूटोची. ६ जून २०२०ला, सगळा देश घरात बसला होता तेव्हा, प्लूटोने एक तारा झाकला आणि उत्तराखंडातल्या देवस्थळच्या ३.६ मीटरच्या आणि १.३ मीटरच्या दुर्बिणींनी तो पकडला. प्लूटोला पातळ हवा आहे, म्हणून तिथे तारा बटण दाबल्यासारखा जात नाही, वात खाली केल्यासारखा जातो. ते मावळणं किती सावकाश, यावरून तिथल्या हवेचा दाब निघतो: आपल्या हवेच्या सुमारे ऐंशी हजाराव्या भागाएवढा. प्लूटो १९८९पासून सूर्यापासून लांब चाललाय. थंडी वाढणार, हवा गोठून खाली बसणार, असं अनेकांचं म्हणणं होतं. झालं उलटं. १९८८च्या पिधानापासून दाब वाढत गेला, जवळपास तिप्पट झाला, आणि देवस्थळच्या मोजणीने दाखवलं की २०१५पासून तो तिथेच टेकलाय. नायट्रोजनचा बर्फ उशिरा तापतो आणि उशिरा निवतो. आम्हाला कुणी सांगायला नको. सूर्य डोक्यावर बाराला असतो आणि मजूर सावलीला बसतात ते दोन-अडीचला. आमच्या तालुक्यातल्या उद्याच्या पावसाचा अंदाज चुकतो, पण सूर्यापासून पाचशे कोटी किलोमीटरवरच्या बटुग्रहाची हवा कुणीतरी तीस वर्षं, काही पिधानांच्या जोरावर, वहीत लिहित आणली आहे. आता ती कधी उतरायला लागते ते बघायचं.

यंदा ऑक्टोबर छाटणी उशिरा झाली, म्हणून जानेवारीत घड अजून पाण्यावर आलेले नसतील. पहाटेच्या फवारण्या चालूच राहणार. ऑकल्टवॉचरमध्ये त्याच गोळ्याचं आणखी एक पिधान दिसतंय. मागच्या मोजणीमुळे भाकिताची चूक आता पट्ट्याच्या रुंदीपेक्षा बरीच कमी झालीय, आणि आमचं रान कडेला नाही, जवळपास मधोमध आहे. कॅमेरा अजून जुनाच. पण पुतण्या स्वतः येतोय, जीपीएसची एक डबी घेऊन. खुर्ची दुर्बिणीपासून दहा फूट लांब ठेवायची, असं त्याने आधीच बजावलंय.

काल संध्याकाळी तात्यांना तारीख सांगितली. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या चौकोनात पेन्सिलीने लिहून ठेवलं: दिवा बंद. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ही तारीख रातची का पहाटंची, तेवढं सांगा."